वस्ती आणि महापालिकेची भागीदारी: या चुका टाळा

महापालिका पैसे देते, संस्था मदतीला येते, वस्तीतली माणसंही उत्साहाने पुढे येतात. तरीही दोन-तीन वर्षांत ते काम बंद पडतं. असं होऊ नये म्हणून काय करावं, हे शिकायला पुण्यासारखं शहर नाही. 1999 मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुणे महापालिकेने वस्त्यांमधल्या सार्वजनिक शौचालयांसाठी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. बांधायचंही संस्थांनी आणि सांभाळायचंही त्यांनीच, अशी अट होती. 2001 पर्यंत 400 हून जास्त शौचालयं उभी राहिली.

नकाशा पक्का झाल्यावर लोकांना बोलावणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. एस्टिमेट मंजूर झाल्यावर घेतलेल्या बैठकीत लोक फक्त मान डोलावू शकतात.

पुण्याच्या त्या कामात स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही वस्तीतल्या रहिवाशांची संघटना यांच्या बरोबरीने महिला मिलन या वस्त्यांमधल्या महिलांच्या संघटनेच्या बायका होत्या. सकाळच्या रांगेत मोठी माणसं लहान मुलांना मागे ढकलतात आणि मग मुलं उघड्यावर बसतात, हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून मुलांसाठी वेगळी, लहान मापाची शौचालयं आली. बायकांचं दार पुरुषांच्या दारापासून वेगळं झालं, पाणी साठवायची सोय झाली, केअरटेकरच्या कुटुंबाला राहायला खोली मिळाली. यातली एकेक गोष्ट वापरणाऱ्या माणसाच्या अडचणीतून आली आहे. कार्यालयात बसून ती सुचणं कठीण.

त्याआधी, 1980 च्या दशकात, मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी खऱ्या मापाच्या घराचं मॉडेल उभं करून लोकांना दाखवलं होतं. कागदावरचा नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, पण उभ्या केलेल्या खोलीत शिरलं की ओटा कुठे हवा ते कोणीही सांगतं. तुमच्याकडे बाग, अंगणवाडी किंवा समाजमंदिर व्हायचं असेल, तर निदान जागेवर चुन्याने आखणी करा आणि बायका घरी असतील अशा वेळी सगळ्यांना बोलवा.

बांधकामाचे पैसे ठरवणं, देखभालीचे न ठरवणं

उद्घाटनाच्या खर्चाचा हिशोब असतो, पण पंप जळला तर पैसे कोण देणार याचा नसतो. पुण्यातल्या त्या शौचालयांसाठी कुटुंबाला महिन्याचा स्वस्त पास होता आणि त्या पैशांतून केअरटेकरचा पगार निघायचा. वर्गणी परवडेल इतकीच ठेवा. वीज आणि पाण्याचं बिल कोणाच्या नावावर येणार, ते काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्या. बिल थकलं की वीज तुटते, पंप बंद पडतो आणि पाणी नाही म्हणून लोक वर्गणीही थांबवतात. यातून वर येणं फार अवघड आहे.

एका चांगल्या अधिकाऱ्याच्या भरवशावर राहणं

अधिकाऱ्याची बदली होणारच. त्याने तोंडी दिलेला शब्द पुढच्या साहेबांवर बंधनकारक नसतो. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 मध्ये पुण्यात उभी राहिली, आणि तिच्यातूनच आलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने 2008 मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. तो संपल्यावर नवा करार व्हायला 2016 उजाडलं. इतकी संघटित, हजारो सभासदांची संस्थासुद्धा मुदतवाढीसाठी ताटकळत राहते, तर गल्लीतल्या मंडळाचं काय होईल? म्हणून करारात नूतनीकरणाची तारीख घाला, मुदत संपायच्या सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त सह्यांसकट ठेवा. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

अंदाजपत्रकाची वेळ चुकवणं

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे असतात, तेही पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडलं जाण्याच्या कितीतरी आधी. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. ‘परिसर सुधारा’ असं लिहू नका. कोणत्या गल्लीत, कोणत्या घरापासून कुठपर्यंत, काय हवं ते लिहा. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे की नाही, तेही आधी पाहा.

काम आधीच अडकलं असेल तर

आधी फाइल कोणत्या टेबलावर आहे ते शोधा. वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघालेली नसेल तर ठेकेदाराशी भांडण्यात अर्थ नाही. कनिष्ठ अभियंत्याकडे लेखी विचारणा करा. ऑर्डर निघूनही काम थांबलं असेल तर तिच्यातली मुदत पाहा आणि विलंबाबद्दल काय कारवाई झाली ते विचारा. काम ‘पूर्ण’ दाखवलंय पण जागेवर अर्धवट आहे, असं असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली सरकारी वही) प्रत मागा. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने मिळवण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. पाहणीच्या दिवशी वस्तीतल्या चार-पाच जणांनी सोबत जा, टेप घेऊन जा, आणि पुस्तकातली लांबी-रुंदी जागेवर मोजून तिथेच लिहून घ्या.