सेमिनरीत शिकताना अनुदानावर संशोधन करणार असाल तर

सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत, एम.टीएच. (धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करताना मिळालेल्या छोट्या अनुदानामुळे मला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या गावमंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती उपासक समुदायांचा, अभ्यास करता आला. विषय होता ख्रिस्ती कीर्तन आणि मंडळीचं गावाशी असलेलं नातं. तुम्हीही अशा कामाला निघणार असाल, तर कोणती माहिती कुणालाही द्यायची नाही हे पैसे स्वीकारण्याआधीच ठरवा आणि प्रस्तावात लिहून टाका.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. त्यामुळे दर रविवारी उपासनेला येणाऱ्या कुटुंबाच्या जातीच्या दाखल्यावर धर्माची वेगळीच नोंद असू शकते. मुलीची शिष्यवृत्ती, मुलाची नोकरी, ग्रामपंचायतीतली राखीव जागा, सगळं त्या कागदावर असतं. निधी देणारे मात्र सहीची संमतिपत्रं मागतात, नावं आणि फोटो मागतात. मी तोंडी संमतीची परवानगी आधीच मागून घेतली. वहीत नावांऐवजी खुणा लिहिल्या, गावाच्या जागी फक्त तालुका लिहिला. यावर अडून बसणारा निधी सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदीबाहेरची श्रद्धा ही काही आजची गोष्ट नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीतली नावं मोजून मंडळी कळली असं समजू नका. गावात जाण्याआधी १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक जरूर चाळा.

पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) परवानगी दिली म्हणजे मंडळीने दिली असं नाही. त्यांच्यासमोर कुणी नाही म्हणणार नाही, म्हणून प्रत्येकाला एकट्याने विचारा. बायकांशी बोलायचं तर पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, भेटा. महिला उपासना संपल्यावर चहा होईपर्यंत जे बोलणं होतं, ते ठरवून घेतलेल्या मुलाखतीत क्वचितच येतं.

तुम्ही सेमिनरीचे आहात म्हटल्यावर लोक उपासनेत संदेश (प्रवचन) द्यायला सांगणार, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला नेणार. आनंदाने जा. पण त्याच दिवशी मुलाखत घेऊ नका, कारण मग उत्तरं पाळकाला द्यावीत तशी येतात. ‘तुमची श्रद्धा कशी आहे?’ यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा विचारा, घरात कुणी वारलं तेव्हा पहिलं कोण आलं, शवपेटी कुणी उचलली, जेवण कुठल्या घरून आलं, माती कुठे दिली. दफनभूमीच्या जागेचा विषय निघाला की गावाशी असलेले संबंध, जुने वाद आणि शेजाऱ्यांचे उपकार आपोआप बोलण्यात येतात. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण याच प्रश्नातून उभं राहिलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. अनुदान हप्त्यांनी येतं, हिशोब दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एसटीची तिकिटं जपा. वडापवाला पावती देत नाही, म्हणून स्वतःच्या सहीचं खर्चपत्रक चालेल का ते आधी लेखी विचारून घ्या. निधी परदेशी असेल तर सेमिनरीच्या हिशोबनिसांना सुरुवातीलाच भेटा. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मुलाखतीसाठी पैसे देऊ नका.

आणि अंदाजपत्रकात गावात परत जाण्याचा खर्च धरा. मसुदा मंडळीत मराठीत वाचून दाखवायला हवा. मी वाचला, तेव्हा एका आजींनी कीर्तनाचं पूर्ण प्रकरण थांबवलं. मी ज्याला जुनी चाल म्हटलं होतं ती त्यांच्या लग्नानंतर आली होती, आणि त्याआधीची त्यांनी तिथेच म्हणून दाखवली. ती ध्वनिमुद्रित करायचीही संमती मी त्यांच्याकडून वेगळी घेतली.