अंतर्गत की बाह्य? सर्व्हर मॉनिटरिंग निवडताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ठाण्यातील एका फराळविक्रेत्यांचा सकाळी सातलाच फोन आला की, रात्रीपासून एकही ऑर्डर आलेली नाही. त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. नवी मुंबईत महाप्याच्या एका डेटा सेंटरमधील भाड्याच्या सर्व्हरवर ती चालते आणि एक बाहेरची सेवा दर पाच मिनिटांनी तिची तपासणी करते. त्या सेवेच्या पडद्यावर रात्रभराची पट्टी हिरवीगार होती. सर्व्हरवर लॉग इन केल्यावर डिस्क १०० टक्के भरलेली दिसली. एका प्लगइनचा (वेबसाइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) डीबग लॉग, म्हणजे दोष शोधण्यासाठीची सविस्तर नोंद, मीच चालू करून विसरलो होतो आणि त्याने उरलीसुरली जागा संपवली होती. डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नव्हती, मुखपृष्ठ मात्र कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, निर्वेधपणे मिळत होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला २०० हा यशाचा कोडच दिसत होता.

या प्रसंगातली मूळ चूक डीबग लॉगच्या आधीची आहे. अंतर्गत आणि बाह्य मॉनिटरिंग हे एकमेकांचे पर्याय आहेत, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अंतर्गत मॉनिटरिंगमध्ये सर्व्हरवर बसवलेला एजंट हा छोटा प्रोग्राम सीपीयू, मेमरी, डिस्क आणि डेटाबेसची जोडणी यांचे आकडे पाठवत राहतो आणि बिघाड का झाला हे सांगतो. बाह्य मॉनिटरिंग दुसऱ्या नेटवर्कवरून, ग्राहकाप्रमाणेच, डीएनएसपासून (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेपासून) सुरुवात करून पान मागते आणि ग्राहक आत पोहोचतो की नाही एवढेच सांगते. सुरुवात एकानेच करायची असेल, तर लहान व्यवसायाने बाह्य तपासणीने करावी, असे माझे मत आहे. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात तेथे, एजंट बसवण्याची मुभा सहसा नसतेच. पण स्वतःचा सर्व्हर असेल, तर डिस्कची सूचना त्याच दिवशी लावून घ्यावी.

पहारेकरी त्याच घरात झोपवू नका

प्रोमिथियस किंवा अपटाइम कुमासारखे मॉनिटरिंगचे मोफत साधन वेबसाइटच्याच सर्व्हरवर बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे. सर्व्हर बंद पडला की साधनही बंद पडते आणि सूचना पाठवायला कोणीच उरत नाही. सूचनेचा ईमेल त्याच सर्व्हरवरून जात असेल, तरी परिणाम तोच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांचे मुख्य नेटवर्क तुटले, डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले आणि दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे निकामी ठरली.

बाह्य तपासणीतील चुका

केवळ मुखपृष्ठ तपासू नये. डेटाबेसमध्ये एक नोंद लिहून ती परत वाचणारे, कॅशमधून वगळलेले छोटे पान तयार करावे आणि त्यावर ठरावीक शब्द आला तरच तपासणी यशस्वी धरावी. आमची रात्र अशा एका पानाने वाचली असती.

तपासणीतील अंतराचा हिशेबही करावा. ९९.९ टक्के अपटाइम (वेबसाइट चालू असण्याचा काळ) म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटांचीच सूट. दर पाच मिनिटांनी तपासणी आणि दुसऱ्या अपयशानंतरच सूचना, अशी मांडणी असेल, तर त्यातली दहा मिनिटे कळण्यातच जाऊ शकतात. दुसऱ्या ठिकाणाहून लगेच खात्री करून घेणारी मांडणी अधिक चांगली. ग्राहक ठाणे-डोंबिवलीचे असतील, तर तपासणीच्या ठिकाणांत भारतातील एक असावेच. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या मुदतीची तपासणी वेगळी लावावी, कारण अशी प्रमाणपत्रे मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत.

आकडे चुकीचे वाचणे

सर्व्हरवरची लिनक्स ही प्रणाली मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते, म्हणून मेमरीच्या तक्त्यात ‘फ्री’ कमी दिसली की घाबरून रॅम वाढवू नये. ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. चार कोअरच्या सर्व्हरवर लोड (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी) ४ असणे हा बिघाड नव्हे. डिस्कवर जागा असूनही फाइल तयार होत नसेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या, ठरावीक संख्येच्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे. सेशनच्या, म्हणजे ग्राहकांच्या एकेका भेटीच्या, लाखो बारीक फाइलींमुळे तसे घडते.

दोघांचे म्हणणे जुळत नसेल तर

बाहेरून लाल आणि आतून हिरवे असेल, तर डोमेनचे नूतनीकरण, डीएनएस, प्रमाणपत्र आणि फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) या क्रमाने शोध घ्यावा. कित्येकदा फायरवॉलने तपासणी सेवेचाच आयपी (इंटरनेटवरील पत्ता) अडवलेला असतो. कार्यालयातील वायफायवरून खात्री करू नये, कारण तेथून आपला आयपी बहुधा परवानगीच्या यादीत असतो. मोबाइल डेटावरून पाहावे. बाहेरून हिरवे आणि आतून लाल असेल, तर कॅशवर संशय घ्यावा. आतून आकडेच येत नसतील, तर ती शांतता बिघाड मानून तिचीही सूचना लावावी. रात्रीच्या बॅकअपलाही हेच लागू आहे: काम पूर्ण झाल्यावर त्याने बाहेरच्या सेवेला हजेरी द्यावी आणि हजेरी चुकली की फोन वाजावा.

सर्व मांडणी झाल्यावर, गिऱ्हाईक कमी असलेल्या एखाद्या दुपारी मालकांना सांगून वेब सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि कोणाचा फोन किती मिनिटांनी वाजतो ते पाहावे. फराळविक्रेत्यांच्या सर्व्हरवर मी ही चाचणी घेतली, तेव्हा सूचना वेळेवर गेली होती. ती गेली होती मी दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या मोबाइल क्रमांकावर.