घरी अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू आहेत? या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका आजोबांना मी रोज संध्याकाळी घरी जाऊन सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक देत होते. तिसऱ्या दिवशी पाहते तर हातावरची पट्टी ओली. आंघोळीत भिजलेली. पट्टी सोडवली; इंट्राकॅथभोवती (शिरेत बसवलेली सुईची नळी) लालबुंद, आणि शिरेवरून बोट फिरवलं तर शीर दोरीसारखी कडक. "सकाळपासून ठणकतंय, पण म्हटलं ताई येतीलच संध्याकाळी," आजोबा म्हणाले. घरोघरी मला हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. ठणका, लाली, सूज, यातलं काहीही दिसलं की वाट न बघता फोन करा. अशा सुईतून पुढचा डोस देत नाहीत. ती काढून दुसऱ्या जागी लावतात. आंघोळीला तो हात प्लास्टिकने गुंडाळून बाहेर धरा.

पहिला डोस मात्र घरी कधीच नको. तो दवाखान्यातच घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. घरी येणाऱ्या नर्सला बॅगेत ॲड्रेनालिन (जोराच्या ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) आहे का, हे बिनधास्त विचारा. मला कुणी विचारलं की बरंच वाटतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर औषध तिथेच थांबवून 108 ला फोन.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. बर्डीच्या बाजारातून औषध आणायचं आणि स्कूटरची डिक्की उन्हात तापत ठेवून आणखी दोन कामं उरकायची, हे करू नका. व्हायलवर तापमान छापलेलं असतं, ते वाचा. विरघळवलेलं औषध उरलं तर सकाळसाठी ठेवू नका.

"अशक्तपणा आहे, सोबत एक सलाईन लावून द्या ना," असा आग्रह बऱ्याच घरी होतो. पण रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिॲक्सोन त्याच्याबरोबर एकाच नळीतून गेलं तर कण धरतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक असेल तर ते शिरेतून जायला किमान एक तास लागणारच. घाई केली की चेहरा, मान लाल होऊन खाज सुटते.

ताप उतरला म्हणून स्वतःहून कोर्स बंद करू नका. अमिकॅसिन हे अँटिबायोटिक सुरू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली क्रिएटिनिनची (मूत्रपिंडासाठीची रक्त) तपासणी चुकवू नका, आणि कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगा.

वापरलेल्या सुया कचरागाडीत टाकू नका. टोपण परत न लावता जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा नर्सकडे द्या. मी तो दवाखान्यात जमा करते.