गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप: अभ्यास लिहिताना या चुका टाळा

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपवरचे प्रबंध आणि लेख माझ्याकडे तपासायला येतात. पद्धतीच्या भागात काय लिहिलेलं असणार हे मला न वाचताच ठाऊक असतं. ‘एका गटाला अ‍ॅप देण्यात आले.’ संपलं वर्णन. पुढे वयाचे तक्ते मात्र तीन पानं.

कसलं अ‍ॅप? संदेशात शब्द कोणते होते? किती वाजता यायचा? फोन रुग्णाचा स्वतःचा की घरात सगळ्यांचा?

हे मी उगाच खवचटपणे विचारत नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक छान निष्कर्षांचा लेख वाचून आम्ही तेच अ‍ॅप आपल्याकडे करून बघायचं ठरवलं. लेखात एवढंच होतं: ‘स्थानिक संस्कृतीला अनुरूप स्मरणसंदेश’. लेखकांना तीन मेल केल्या, तेव्हा उत्तर आलं. अ‍ॅप बंद झालंय, बनवणारा मुलगा नोकरी सोडून गेलाय, मजकूर कुणाकडेच नाही. मग आम्हीच बसून लिहिला: ‘आजची गोळी घेतलीत का?’ वेळ रात्री नऊची. एका बाईंच्या घरी तेव्हा पंगत बसलेली. लॉक स्क्रीनवर संदेश झळकला, पुतण्याने मोठ्याने वाचला आणि विचारलं, “काकू, कसली गोळी?” बाईंनी त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं. समुपदेशकाला सांगितलं महिन्याने. आणि आमच्या एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढे काय? ‘तांत्रिक कारणाने गळती.’ ते मीच टाइप केलं होतं.

मूळ अभ्यासात संदेश आडवळणाचा होता का, ते कळायला आमच्याकडे मार्गच नव्हता.

याउलट केनियातला २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास बघा. आठवड्यातून एकदा एसएमएस: ‘माम्बो?’ म्हणजे कसं काय? उत्तर ‘सावा’, ठीक आहे, किंवा ‘शिदा’, अडचण आहे. ‘शिदा’ आलं किंवा ४८ तासांत उत्तरच आलं नाही, की दवाखान्यातून फोन. माणसं ५३८, मुदत एक वर्ष. विषाणू आटोक्यात राहिलेले संदेशाच्या गटात ५७ टक्के, दुसऱ्या गटात ४८. अ‍ॅप नाही, साधा एसएमएस, पण वाचून उद्या सकाळी सुरू करता येईल. गोळी, औषध, आजार यातला एकही शब्द संदेशात नाही, हेही लेखातूनच कळतं.

माझी सवय सांगते. प्रत्येक स्क्रीनचा फोटो, प्रत्येक संदेश मराठीत जसाच्या तसा, आवृत्ती क्रमांक, मध्येच अपडेट आलं तर त्याची तारीख, डेटा पॅकचे पैसे कुणी भरले ते. सगळं परिशिष्टात. शब्दमर्यादेचं रडगाणं मला सांगू नका, पुरवणी फाइलला कुणी शब्द मोजत नाही.

दुसरा माझा राग ‘पाठवला’ या शब्दावर आहे. सर्व्हरवरून संदेश गेला, फोनवर वाजला, माणसाने पाहिला आणि गोळी पोटात गेली, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त फोनमधला बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो. डॅशबोर्ड हिरवागार, फोन मुका. मी रुग्णांकडे असतो तसलाच एक हँडसेट टेबलावर ठेवते आणि रोज नऊला वाजतो का बघते. चार गोष्टींचे चार रकाने करा. भरता येत नसेल तो रिकामा ठेवा, पण दोन रकाने एकात कोंबू नका.

‘औषधपालन ९५ टक्क्यांवर’ असं लिहिलंत, तर ते कशावरून? अ‍ॅपवरचं ‘घेतली’ बटण दाबलं म्हणून? त्यापेक्षा गोळ्या मोजा. रोजची एक गोळी, आदल्या ४ उरलेल्या, नव्या ३० दिल्या, २८ दिवसांनी ७ परत आल्या: २७ भागिले २८, म्हणजे ९६ टक्के. असा हिशेब दाखवा. तपासणीच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या फेकणारेही असतात, म्हणून सोबत व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याची तपासणी, हवा. तो केला नसेल तर केला नाही असं लिहा.

‘स्मार्टफोन असलेले रुग्ण घेतले’ एवढ्यावर थांबू नका. किती जणांना विचारलं आणि किती जण फोनपायी बाद झाले, तो आकडा द्या. बटणाचा फोन वापरणारे ऊसतोड कामगार तिथेच गळालेले असतात.

सीटीआरआयची, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीतली, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून करताच येत नाही.

अ‍ॅप लेखकांपैकीच कुणाचं असेल तर तसं सांगा.

फरक पडला नाही तर लपवू नका. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांपैकी निम्म्यांना जवळपास दोन वर्षं फोन कॉल आणि चित्रसंदेश पाठवून काहीही फरक दिसला नाही, आणि तो निकाल २०१४ साली ‘बीएमजे’त छापून आला.

राहिली मेरा (mERA), मोबाईलवरच्या आरोग्य-अभ्यासांच्या लेखात काय काय लिहायचं याची तपासणी यादी. २०१६ सालची, १६ मुद्द्यांची. घाईवाले ती लेख पाठवायच्या रात्री भरतात, वरातीमागून घोडं. मी अभ्यास सुरू व्हायच्या आधीच विद्यार्थ्याला भरायला लावते. रिकामं राहिलेलं भरून काढायला तेव्हा वेळ असतो. परवा एकाने ‘संदेशाचा मजकूर’ या मुद्द्यापुढे ‘पान ४’ लिहून पाठवलं. पान ४ वर वयाचा तक्ता होता. परत पाठवलाय.