पंचकर्म करून घेताय? या चुका टाळा

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन तापलं, की विरेचनासाठी, म्हणजे औषधाने जुलाब देऊन शरीर साफ करण्याच्या पंचकर्मासाठी, फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला. "डॉक्टर, शनिवार-रविवारात उरकेल ना?" नाही उरकत. आधी 3 ते 7 दिवस औषधी तूप प्यायचं, मग साधारण तीन दिवस अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, आणि वाफ, त्यानंतर विरेचन आणि शुद्धी किती झाली ते बघून पुढे 3, 5 किंवा 7 दिवस पथ्य. ज्यांच्याकडे एवढी सवड नाही त्यांनी सवड होईल तेव्हा यावं. दोन दिवसांत कुणी करून देत असेल, तर तिथे तेल लावून मिळेल, शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, तीही मिळेल. छान झोप लागेल. विरेचन मात्र झालेलं नसेल.

तुपावर चहा. ही चूक बघून मी खरंच कंटाळलो आहे. स्नेहपान, म्हणजे हे तूप पिणं, सकाळी लवकर, उपाशीपोटी. बहुतेकांना मी 30 मिलीपासून सुरू करतो आणि पचेल तसं रोज वाढवतो. त्यानंतर फक्त गरम पाण्याचे घोट. ढेकरेला तुपाचा वास येईनासा झाला, अंग हलकं वाटलं आणि कडकडून भूक लागली, की मग मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण. मधे काही नाही. पण आपल्याकडे साडेआठला चहा लागतोच, आणि "नुसता चहाच तर घेतला, बरोबर दोनच बिस्किटं." मग दुपारी मळमळ, डोकं जड, आणि दुसऱ्या दिवशी "मला तूप सोसत नाही." सोसत होतं हो, पचू दिलं नाहीत.

तूप किती दिवस प्यायचं हेही आधीच ठरवून मागू नका. शौचाला स्निग्धता दिसते, त्वचा मऊ पडते, तुपाची वाटी समोर आली तरी नकोसं होतं, तेव्हा थांबायचं. कुणाचं हे तिसऱ्या दिवशी होतं, कुणाचं सातव्या.

विरेचन झालं म्हणजे सुटलो, असं समजणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका काकांचं विरेचन उत्तम झालं होतं, वेग, म्हणजे जुलाब, वीसच्या वर. पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. तिसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून शिरा. शिऱ्यानंतर आग्रह झाला म्हणून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वर गार मठ्ठा. रात्री पोट फुगलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, आणि पहाटे दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. नातेवाइकांचा निष्कर्ष तयार होता: आयुर्वेदिक औषध बाधलं!

अशा शोधनानंतर, म्हणजे शुद्धीनंतर, भूक लागल्यासारखी वाटते, पण अग्नी, म्हणजे पचनशक्ती, नाजूक असतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चरकाने दिलेला दाखला मी प्रत्येकाला ऐकवतो: ठिणगीएवढा विस्तव आधी गवत, मग गोवरी घालून हळूहळू वाढवावा लागतो. म्हणून सात दिवसांच्या क्रमात पहिली तीन जेवणं तांदळाची पातळ पेज, पुढची तीन विलेपी, म्हणजे पाणी जवळजवळ नसलेला गुरगुट्या भात. मग मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं, नंतर तूप-जिऱ्याचं. शेवटी मांसरस, शाकाहारी लोकांना मी दाट वरण-भात देतो.

आता मी कागद पेशंटच्या हातात देतच नाही. घरात स्वयंपाक जो करतो त्याला बोलावून समजावतो. आणि तारीख द्यायच्या आधी कॅलेंडर मागतो. शरद ऋतू म्हणजे नवरात्र, कोजागरी, दिवाळी. उपचाराच्या पंधरवड्यात लग्न किंवा पूजा असेल तर विरेचन पुढे ढकलायचं. यावर लोक रागावतात; रागावू देत.

बाकीच्या चुकांवर फार बोलण्यासारखं नाही.

वेगांची शर्यत लावू नका. शेजाऱ्याचे तीस झाले आणि तुमचे बारा, म्हणून लपवून दुसरा डोस घेण्यात शहाणपणा नाही.

दुकानातून इच्छाभेदी रस आणून घरी विरेचन करू नका. त्यात जयपाळ, म्हणजे जमालगोटा असतो, आणि तो जहाल आहे.

बस्ती म्हणजे एनिमा. काढ्याचा निरूह बस्ती रिकाम्या पोटी, तेलाचा अनुवासन बस्ती जेवणानंतर. उलट करून येऊ नका.

नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, झाल्यावर लगेच डोक्यावरून अंघोळ नको, एसीखाली जाऊन बसणंही नको.

स्नेहपानाच्या आणि पथ्याच्या दिवसांत दुपारी झोपू नका. कंटाळा येतो हे मान्य.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचा आजार, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. साखरेची गोळी रोजच्यासारखी घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका. तुमच्या फिजिशियनना विचारा, आणि पहिल्या भेटीला येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. "ती पांढरी, छोटी, रात्रीची" यावरून मला काहीही कळत नाही.