‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे जरा उशिराच सांगा

समीकरणं शिकवताना हा शॉर्टकट पहिल्याच तासाला दिला, की ३क्ष = १२ मध्ये काही मुलं क्ष = १२ − ३ लिहितात, तर काही क्ष = १२ ÷ (−३). दोघांनीही नियम इमानेइतबारे पाळलेला असतो. घोळ नियमाच्या शब्दांतच आहे. पलीकडे काहीच जात नाही, दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते.

म्हणून सुरुवातीची आठ-दहा उदाहरणं क्रिया लिहूनच सोडवून घ्या. ३क्ष + ५ = १७; दोन्ही बाजूंतून ५ वजा, ३क्ष = १२; दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क्ष = ४. मग ४ ही किंमत मूळ समीकरणात घालून पडताळा: १२ + ५ = १७. फळ्यावर बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत.

आधीच ३ ने भागलं तरी चालतं, पण मग ५ लाही भागावं लागतं; मुलं नेमकं तेच विसरतात आणि क्ष + ५ = १७/३ लिहून मोकळी होतात.

−२क्ष = ८ हे उदाहरण मुद्दाम द्या. उत्तर −४ ऐवजी ४ आलं, तर मूल अजून चिन्हच ‘पलीकडे’ नेतंय.