नाशिकमध्ये डान्स मशीनची स्पर्धा कशी भरवावी

गेमझोनमधल्या डान्स मशीनवर, म्हणजे स्क्रीनवरच्या बाणांप्रमाणे पायाखालचे बाण गाण्याच्या ठेक्यावर दाबायच्या खेळावर, खरंच जीव लावून खेळणारी पोरं-पोरी नाशिकमध्ये आहेत. एकेकटी येतात, कार्ड स्वाइप करतात, घामाघूम होऊन निघून जातात. त्यांना एकमेकांसमोर उभं करायला मोठं बजेट लागत नाही. नीट चालणारं मशीन आणि आधी लिहून ठेवलेले नियम एवढं असलं की काम होतं.

मशीन तपासा

तारीख ठरवण्याआधी मशीन बघा. कोनामी कंपनीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन, म्हणजे डीडीआर, १९९८ साली जपानात आलं. अँडामिरो कंपनीचं पंप इट अप १९९९ साली कोरियात. डीडीआरला वर, खाली, डावा, उजवा असे चार बाण असतात. पंपला चार कोपरे आणि मधलं एक घर. एकावर पाय बसलेला खेळाडू दुसऱ्यावर अडखळतो, म्हणून जाहिरातीत मशीनचं नाव आणि व्हर्जन स्पष्ट लिहा.

डीडीआरमध्ये ‘मार्व्हलस’ हा पावलाला मिळणारा सगळ्यात वरचा शेरा मिळवायला सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाइतकाच मागेपुढे वाव असतो. इतक्या बारीक हिशोबात खराब सेन्सर म्हणजे अन्याय. जुन्या डीडीआर पॅडमध्ये, म्हणजे ज्यावर उभं राहून नाचतात त्या भागात, प्रत्येक बाणाखाली चारही कडांना सेन्सर असतात. एक कड मेली की त्या बाजूला पडलेलं पाऊल मोजलंच जात नाही. गंमत म्हणून खेळणाऱ्याला हे कळतही नाही, स्पर्धेत मात्र तेवढ्यावर सामना जातो. झोनच्या तंत्रज्ञाला सर्व्हिस मेनूतला इनपुट तपासायचा स्क्रीन उघडायला सांगा. एकाने प्रत्येक बाणाच्या चारही कडा पायाच्या बोटांनी एकेक करून दाबायच्या, दुसऱ्याने स्क्रीनवर नोंद होते का ते बघायचं. मग एकाच बाणावर भराभर पाय मारून बघा. बाण दाबलेलाच राहत असेल तर मधली पावलं गिळली जातात. दोन्ही बाजूंचे पॅड असे तपासा. दुरुस्तीला वेळ हवा, म्हणून पंधरा दिवस आधी एकदा आणि स्पर्धेच्या सकाळी पुन्हा.

मॅनेजरशी बोला

रविवारी संध्याकाळी मशीन मागू नका, कुठलाच झोन देणार नाही. शनिवारी झोन उघडल्यापासून दुपारपर्यंतची वेळ मागा. गाण्यागणिक पैसे देण्यापेक्षा तासाचा ठोक दर ठरवा आणि मशीन फ्री प्लेवर, म्हणजे कार्डाशिवाय चालेल असं, लावून घ्या, नाहीतर प्रत्येक सामन्याआधी कार्ड शोधण्यात दिवस जाईल. वेळ, दर आणि मशीन बिघडलं तर कोण बघणार, हे मेसेजवर लेखी घ्या. प्रवेश फी मशीनचं भाडं आणि ट्रॉफी भागेल एवढीच ठेवा.

तारीख ठरवताना गणपती, रंगपंचमी आणि कॉलेजच्या परीक्षा टाळा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, तेव्हा बाहेरगावच्या खेळाडूंना शहरात खोली मिळायची नाही. मुंबईकरांचाही विचार करा. पंचवटी एक्सप्रेस सकाळी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी इकडे येते, त्यामुळे एका दिवसात येऊन जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. त्यांचे सामने लवकर लावा.

वेळेचा हिशोब

नवीन आयोजक इथेच फसतात. गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं, पण निवड, निकालाचा स्क्रीन, घाम पुसणं धरून चार मिनिटं जातात. तीन गाण्यांचा सामना म्हणजे बारा मिनिटं. सोळा खेळाडूंना दोनदा हरेपर्यंत संधी द्यायची, तर किमान तीस सामने होतात. म्हणजे एका मशीनवर न थांबता सहा तास.

माझ्या मते बरी पद्धत अशी: आधी सगळ्यांनी ठरलेली दोनच गाणी खेळायची, एका वेळी दोघं. तासाभरात सोळा जणांचे गुण हातात येतात. वरच्या आठांना दोन पराभवांपर्यंत खेळवा. चौदा-पंधरा सामने, तीन तास. खालच्या आठांसाठी सोप्या गाण्यांची वेगळी बाद फेरी ठेवा, सातच सामने लागतात. हा दुसरा गट कृपया गाळू नका. पहिल्यांदा आलेली मुलगी एक गाणं हरून घरी गेली तर ती परत येत नाही.

गाणी आणि नियम

त्या मशीनवर खरोखर उघडी असलेली गाणीच यादीत घ्या. पातळीचे आकडे जपून वाचा: डीडीआरने २००८ च्या डीडीआर एक्सपासून १ ते २० अशी मोजणी आणली, त्याआधीच्या मशीनवर ती दहापर्यंत होती. जुन्या मशीनवरचा ९ आणि नव्यावरचा ९ यांत खूप फरक आहे.

सामन्याआधी यादीतून पाच गाणी चिठ्ठीने काढा. प्रत्येकाने एक खोडायचं, उरलेली तीन खेळायची. बाणांचा वेग बदलायला परवानगी द्या, पावलं कमी करणारं कुठलंही सेटिंग बंद ठेवा. खेळाडूच्या पाठीमागचा बार धरायचा की नाही तेही लिहून टाका. गुण बरोबरीत सुटले तर ‘मार्व्हलस’ जास्त असणारा जिंकेल. गाणं चालू असताना पॅड अडकला तर खेळाडूने लगेच हात वर करायचा, पंचाने पॅड तपासायचा आणि दोष निघाला तर तेच गाणं पुन्हा. निकाल बघून केलेली तक्रार चालणार नाही. प्रत्येक निकालाच्या स्क्रीनचा फोटो काढायला एक माणूस कायमचा उभा करा.

गुणांच्या स्पर्धेसोबत फ्रीस्टाइलही ठेवा. तिथे मशीनच्या गुणांऐवजी तीन परीक्षक नाच बघतात. शाळेत लेझीम खेळलेल्या पोरांना वळून, बसून, उठून ठेक्यावर पाय टाकायची सवय असते, ती इथे कामी येते. गाणं आठवडाभर आधी निवडू द्या.

त्या दिवशी

सपाट, पातळ तळव्याचे बूट घालून यायला सांगा. नुसत्या मोज्यांनी पाय घसरतो. दर दोन सामन्यांनी पॅड कोरड्या फडक्याने पुसा. पाणी आणि ओआरएस मशीनजवळ ठेवा, पण पॅडपासून लांब. सकाळी मिसळ खाऊन लगेच अवघड गाण्यावर उभं राहू नका, हेही आवर्जून सांगा.

संपल्यावर फ्री प्ले बंद करून मशीनची सेटिंग्ज पूर्ववत झाली का ते तंत्रज्ञासमोर बघा. सोळाही जणांचे गुण फोटोंसह त्याच रात्री ग्रुपवर टाका, आणि मॅनेजरकडून पुढची तारीख तिथेच उभ्या उभ्या घेऊन टाका.